न्यासाच्या उपक्रमातून सामाजिक उद्योग: पुण्यातील संस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुण्यात सार्वजनिक न्यास आणि नोंदणीकृत संस्था पेठोपेठी आहेत आणि त्यांतील बहुतेकींचा खर्च अजूनही देणग्यांवर भागतो. हिंगण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी हे या शहराच्या देणगी-परंपरेचे सर्वपरिचित उदाहरण होय. कंपनी कायद्याचे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाल्यावर या परंपरेला सीएसआर निधीची (कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाची) जोड मिळाली खरी, पण तो निधी प्रकल्पापुरता आणि मुदतीपुरता येतो. मुदत संपली की शिवणवर्गाच्या शिक्षिकेचे मानधन कोठून द्यायचे, असा प्रश्न विश्वस्तांसमोर उभा राहतो आणि त्याच बैठकीत कोणीतरी म्हणते, ‘आपणच काही कमावू शकत नाही का?’

हे मार्गदर्शन त्या बैठकीनंतरच्या कामासाठी आहे. बहुतेक संस्था सनदी लेखापालांकडे जाऊन आधी कंपनी नोंदवतात आणि मग विकण्याजोगे काय आहे याचा शोध घेतात. माझे मत याच्या उलट आहे. काय विकायचे, ते कोणाला विकायचे आणि त्याला खरोखर किती खर्च येतो, हे ठरल्यावरच कायदेशीर रूप निवडावे, कारण या तीन उत्तरांवरच ते रूप अवलंबून असते.

सामाजिक उद्योग कशाला म्हणायचे

जी संस्था आपल्या खर्चाचा मोठा भाग वस्तू किंवा सेवा विकून भागवते, जिच्या विक्रीतूनच तिचा सामाजिक हेतू साधतो आणि जिची शिल्लक त्याच हेतूसाठी परत वापरली जाते, तिला सामाजिक उद्योग म्हणता येईल. दिवाळीत पणत्या आणि आकाशकंदील विकून चार पैसे जमवणे हा निधी-संकलनाचा चांगला मार्ग आहे, पण तो उद्योग नव्हे.

भारतीय कायद्यात ‘सामाजिक उद्योग’ या नावाचा नोंदणीचा वेगळा प्रकार नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२२ साली सोशल स्टॉक एक्स्चेंजसाठी (सामाजिक संस्थांना निधी उभारता येणाऱ्या बाजारासाठी) नियम केले, तेव्हा या शब्दाची व्याख्या केली, पण ती त्या बाजारापुरती आहे. त्या नियमांनुसार संस्थेचे किमान ६७ टक्के काम वंचित किंवा अल्पसेवित घटकांसाठी असावे लागते आणि ते उत्पन्न, खर्च किंवा लाभार्थी यांपैकी एका निकषावर दाखवावे लागते. लहान संस्थेला या बाजाराची घाई करण्याचे कारण नाही. ६७ टक्क्यांचा निकष मात्र स्वतःला तपासण्यासाठी उपयोगी पडतो.

पहिले पाऊल: एकच उपक्रम निवडणे

संपूर्ण संस्थेचे रूपांतर करण्याचा विचार सोडून द्यावा. संस्थेचा एखादा उपक्रम उद्योग होऊ शकतो, सगळे होऊ शकत नाहीत. समजा, पर्वती पायथ्याच्या वस्तीत काम करणाऱ्या एका न्यासाचे चार उपक्रम आहेत: बालवाडी, कौटुंबिक समुपदेशन केंद्र, शिवणवर्ग आणि भाजणी-मसाल्यांचे स्वयंपाकघर. समुपदेशनासाठी येणाऱ्या स्त्रीकडून शुल्क घेतले, तर जिला त्या केंद्राची सर्वाधिक गरज आहे तीच येणार नाही. बालवाडीचे पालक थोडी फी देऊ शकतील, पण तिच्यातून शिक्षिकेचा पगार निघणार नाही. हे दोन उपक्रम देणगीवरच चालले पाहिजेत आणि हे विश्वस्तांनी ठरावात स्पष्ट लिहून ठेवावे, म्हणजे पुढे उद्योगाची धुंदी चढल्यावर त्यांच्या निधीला कात्री लागणार नाही. मग शिवणकाम आणि स्वयंपाकघर राहतात, आणि त्यांतूनही एकाच वेळी एकच निवडावा.

निवड करताना ज्यांच्यासाठी संस्था आहे ती माणसे या व्यवहारात कोणत्या जागी उभी आहेत, हे पाहावे. ती कामगार किंवा उत्पादक असतील (शिवणाऱ्या ताया, अपंग कारागीर, लहान शेतकरी), तर बाजारभावाचा सगळा ताण त्यांच्या मजुरीवर किंवा त्यांच्या मालाच्या दरावर येतो. ती ग्राहक असतील, तर हा ताण सेवेच्या किमतीवर येतो. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केले. तेथे पैसे भरू शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न भरू शकणाऱ्यांवर उपचार होतात, आणि डोळ्यांत बसवायची भिंगे स्वस्तात मिळावीत म्हणून १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ उभी राहिली. अशी दुहेरी शुल्करचना शस्त्रक्रियांची संख्या खूप मोठी आणि दर शस्त्रक्रियेचा खर्च काटेकोर ठेवला तरच टिकते. त्यामुळे वस्तीतल्या लहान दवाखान्याने केवळ तिचा आराखडा उचलून चालणार नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत लिज्जत पापडाचे उदाहरण हमखास निघते. सात गिरगावकर गृहिणींनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन केलेला तो उद्योग पहिल्या दिवसापासून उद्योगच होता आणि देणगी न घेण्याचे त्याचे धोरण होते. प्रेरणेसाठी ते उदाहरण जरूर घ्यावे. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने उद्योगाकडे कसे वळावे, याचे उत्तर मात्र त्यात मिळत नाही.

दुसरे पाऊल: खरा खर्च काढणे

या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग आहे. संस्थेच्या हिशेबात अनेक खर्च दिसतच नाहीत. जागा एखाद्या हितचिंतकाने दिलेली असते, मशिन्स रोटरी क्लबने दिलेली असतात, हिशेब निवृत्त बँक अधिकारी विनामोबदला लिहितात आणि काम करणाऱ्यांना पगार नव्हे तर ‘मानधन’ मिळते. या चार गोष्टींमुळे प्रत्यक्षात तोट्यात असलेला उपक्रम नफ्यात असल्यासारखा दिसतो.

पर्वती पायथ्याच्या त्याच कल्पित न्यासाची कापडी पिशवी घेऊ. ती ६० रुपयांना विकली जाते. कापडाचे २२ रुपये, दोरा आणि छपाईचे ६ रुपये आणि शिवणाऱ्या ताईचे १२ रुपये असे ४० रुपये वजा केले की २० रुपये ‘उरतात’, आणि वार्षिक अहवालात तेवढेच छापले जाते. आता दिवसाला २० पिशव्या शिवणाऱ्या ताईच्या हाती काय पडते ते पाहा: २४० रुपये. एवढ्या मजुरीत किमान वेतनाचा दर गाठला जात नाही. दिवसाला ५०० रुपये द्यायचे, तर एका पिशवीची मजुरी २५ रुपये होते. भविष्य निर्वाह निधी आणि विम्यासाठी ४ रुपये, जागेच्या बाजारभावाने भाड्याचे ५, देखरेख, वीज आणि वाहतुकीचे ६, मशिनची दुरुस्ती व घसारा २ आणि खराब झालेल्या किंवा न खपलेल्या मालाचे ३ रुपये धरले, तर एका पिशवीचा खर्च ७३ रुपये होतो. म्हणजे जी पिशवी २० रुपये मिळवून देत होती, ती १३ रुपये बुडवत आहे. इतके दिवस हे १३ रुपये आणि वरचे २० रुपये कोणी भरले? बरेचसे शिवणाऱ्या ताईने आणि उरलेले जागेच्या मालकाने व देणगीदारांनी.

हा आकडा समोर आल्यावर काही विश्वस्तांना उपक्रम बंद करावासा वाटतो. ती घाई करू नये. किंमत वाढवता येते, मालाचा प्रकार बदलता येतो, एकाच मापाच्या मोठ्या ऑर्डर घेऊन देखरेख आणि वाया जाणारा माल कमी करता येतो. ताई नवशिकी असताना दिवसाला १२ पिशव्या शिवते आणि सहा महिन्यांनी २५ शिवते. या मधल्या काळातली तूट हा प्रशिक्षणाचा खर्च आहे आणि त्यासाठी देणगीदाराकडे जाण्यात काही गैर नाही. अट एकच: ती तूट ‘प्रशिक्षण अनुदान’ या वेगळ्या शीर्षकाखाली, आकड्यांत आणि मुदतीसह लिहिलेली असावी. देणगीतून तूट भरली जात आहे हे ज्या संस्थेला माहीत असते ती सुधारते. ज्या संस्थेला ते माहीतच नसते, ती ऑर्डर जितक्या वाढवते तितकी अधिक बुडते.

यानंतर खेळत्या भांडवलाचा हिशेब करावा. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीने दिवाळीसाठी ९० रुपयांच्या ५,००० पिशव्या मागितल्या, तर साडेचार लाखांच्या ऑर्डरचा आनंद होतो. पण १ लाख १० हजारांचे कापड आधी रोखीने घ्यावे लागते, सव्वा लाखाची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते आणि कंपनीचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. वरील ऑर्डर नफ्याची असूनही संस्था अडचणीत येते ती इथेच. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, ऑर्डर घेतानाच किमान कापडाइतकी आगाऊ रक्कम मागणे. संस्था म्हटल्यावर मागायला संकोच वाटतो, पण खरेदी विभागाला यात काहीही विचित्र वाटत नाही. दुसरा, उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी (लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) करणे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर आहे आणि वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला प्राप्तिकरात वजावट म्हणून मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की हिशेब विभागाकडून धनादेश लवकर निघण्याची शक्यता वाढते. कर्ज काढून भांडवल उभे करायचे असल्यास मात्र न्यासाच्या नावाने ते परस्पर काढता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

तिसरे पाऊल: खरा ग्राहक शोधणे

विश्वस्तांच्या भावजयीने घेतलेली पिशवी ही देणगीच असते. हितचिंतक, माजी विद्यार्थी आणि सोसायटीतल्या ओळखीच्या घरांत झालेली विक्री पहिल्या वर्षी उत्साह वाढवते आणि दुसऱ्या वर्षी आटते. म्हणून विक्रीची नोंद ठेवताना ओळखीचा ग्राहक, अनोळखी ग्राहक आणि पुन्हा आलेला अनोळखी ग्राहक असे तीन रकाने ठेवावेत. उद्योगाचे भवितव्य तिसऱ्या रकान्यावर ठरते.

डिसेंबरात भरणारी भीमथडी जत्रा आणि उपनगरांतल्या गृहसंकुलांमधली प्रदर्शने ही चाचणीसाठी चांगली ठिकाणे आहेत. तिथे एका दिवशी संस्थेच्या कार्याची माहिती देणारा फलक लावून आणि दुसऱ्या दिवशी तो न लावता विक्री करून पाहावी. फलकाशिवाय भाजणी खपत नसेल, तर लोक भाजणी घेत नसून कार्याला हातभार लावत आहेत असे समजावे. अर्थात गर्दीच्या जत्रेत खपलेला माल महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मागितला जातो की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पाकिटावर फोन क्रमांक छापून फेब्रुवारीपर्यंत वाट पाहावी लागते.

घाऊक ग्राहकाकडे जाताना सीएसआर विभागाऐवजी खरेदी किंवा प्रशासन विभागाकडे जावे. सीएसआर विभागाकडून ऑर्डर मिळते ती सहानुभूतीच्या अंदाजपत्रकातून, आणि वर्षअखेरीला ते अंदाजपत्रक बदलते. खरेदी विभाग दर, नमुना, मुदत आणि जीएसटी क्रमांक विचारतो. ती उत्तरे तयार नसतील, तर उद्योग अजून तयार नाही.

चौथे पाऊल: विश्वस्त, कर्मचारी आणि ताया

‘आपण धंदा करायचा का?’ हा आक्षेप प्रत्येक संस्थेत येतो आणि तो घेणारे बहुधा संस्थेचे सर्वांत निष्ठावान लोक असतात. त्यांना मागासलेले ठरवण्याऐवजी त्यांच्याकडूनच ‘आपण काय करणार नाही’ याचा मसुदा लिहून घ्यावा: अमुक मजुरीपेक्षा कमी देणार नाही, बालवाडीचा निधी उद्योगात वळवणार नाही, विश्वस्तांच्या नातेवाइकांकडून कच्चा माल घेणार नाही. हा मसुदा ठराव म्हणून मंजूर झाला, की आक्षेप घेणारे विश्वस्त उद्योगाचे चांगले पहारेकरी होतात.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वस्तीत २० वर्षे काम केलेल्या कार्यकर्तीला उत्पादन प्रमुख करण्याचा मोह होतो, कारण ती विश्वासू असते आणि तायांना ती हवी असते. पण घरी भांडण झालेल्या ताईचा दिवसभराचा खाडा समजून घेणारी आणि परवा ट्रक लागणार म्हणून आज ३०० पिशव्या पूर्ण करून घेणारी व्यक्ती एकच असली, तर दोन्ही कामे बिघडतात. उत्पादनासाठी बाजारातून माणूस घ्यावा, त्याला बाजाराचा पगार द्यावा, आणि कार्यकर्तीकडे तायांची बाजू मांडण्याचे अधिकृत काम सोपवावे.

कालपर्यंत ‘लाभार्थी’ असलेली ताई आता कामगार, कदाचित भागीदार होणार आहे, हे तिला कागदावर कळले पाहिजे. हजेरी, तुकड्याचा दर, खराब मालाची जबाबदारी, गरोदरपणाची सुट्टी आणि काम सोडण्याची पद्धत यांचे एक पान साध्या मराठीत असावे आणि ते सर्वांसमोर वाचून दाखवावे. कामगार १० झाले की कर्मचारी राज्य विम्याचा आणि २० झाले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः लागू होतो. मानधन असे नाव दिल्याने ती जबाबदारी टळत नाही.

पाचवे पाऊल: कायदेशीर रूप

एवढे झाल्यावर सनदी लेखापाल आणि न्यास-कायद्याचे वकील यांना एकत्र बसवावे. दोघांना वेगवेगळे भेटल्यास एकाने सुचवलेले दुसऱ्याच्या कायद्यात अडकते, हा अनुभव अनेक संस्थांना येतो. खाली प्राप्तिकराची जी कलमे दिली आहेत ती १९६१ च्या अधिनियमातील आहेत. १ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख असल्याने नवे क्रमांक सल्लागारांकडून जुळवून घ्यावेत.

उद्योग न्यासातच ठेवता येतो. कलम ११(४अ) नुसार तो न्यासाच्या उद्दिष्टांना आनुषंगिक असावा आणि त्याचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत. कलम २(१५) मध्ये गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण-रक्षण इत्यादी धर्मादाय हेतू नावानिशी दिले आहेत आणि शेवटी ‘सार्वजनिक उपयोगितेचे इतर कोणतेही उद्दिष्ट’ असा व्यापक वर्ग आहे. या शेवटच्या वर्गातील संस्थेची व्यापारी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांहून अधिक झाली, तर त्या वर्षाची करसवलत जाते. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही मर्यादा काटेकोर लावली. खर्चाइतके किंवा त्याहून किंचित अधिक शुल्क घेणे व्यापार ठरत नाही, पण त्याहून बरेच जास्त घेतले तर ते व्यापारात जमा होते, असे त्या निकालाचे सूत्र आहे. आपले शिवणकेंद्र ‘गरिबांना साहाय्य’ ठरते की ‘इतर उद्दिष्ट’, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. त्यावर सल्लागारांचे मत लेखी घ्यावे; तोंडी ‘काही होत नाही’ पुरेसे नाही.

विक्री २० टक्क्यांच्या आत राहणार असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे न्यासातच काढावीत असे मी सुचवेन. कागदपत्रांचा व्याप कमी राहतो आणि उद्योग चालला नाही, तर नुकसान आटोक्यात असते.

त्यापुढे जायचे तर वेगळी संस्था उभी करावी. मूळ न्यासाचेच कंपनीत रूपांतर करण्याच्या फंदात पडू नये. करसवलत घेतलेली संस्था धर्मादाय नसलेल्या रूपात गेली किंवा तिच्यात विलीन झाली, तर कलम ११५टीडी नुसार तिच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारमूल्यावर कमाल दराने कर बसतो. सदाशिव पेठेत जुनी वास्तू असलेल्या न्यासासाठी हा कर उद्योगाच्या अनेक वर्षांच्या नफ्यापेक्षा मोठा असू शकतो.

कामगार-स्त्रिया स्वतः मालक व्हाव्यात असा हेतू असेल, तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी (उत्पादकच सभासद असलेली कंपनी) योग्य. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान १० व्यक्ती लागतात, आणि उत्पादक कंपनीलाही किमान १० उत्पादक लागतात. पुण्यातले सर्वांत ठळक उदाहरण याच मार्गाचे आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली स्थापन झाली. पुढे कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. घरोघरी कचरा गोळा करण्याचे शुल्क नागरिक थेट वेचकांना देतात. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की संघटनेने स्वतःचे रूपांतर केले नाही. हक्कांसाठी भांडणारी संघटना तशीच राहिली आणि सेवा पुरवणारी संस्था वेगळी झाली. महापालिकेची कंत्राटदार आणि महापालिकेशी भांडणारी संघटना एकाच नोंदणीखाली राहिली असती, तर दोघींचीही कुचंबणा झाली असती.

कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी हा न्यासाच्या स्वभावाला जवळचा पर्याय आहे. तिला नफा वाटता येत नाही, कंपनी कायद्याची शिस्त मात्र येते. तथापि तिला प्राप्तिकराची नोंदणी नव्याने घ्यावी लागते, २० टक्क्यांचा नियम तिलाही लागू राहतो, आणि सीएसआर निधी हवा असल्यास तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो. आईचा पूर्वेतिहास मुलीच्या नावावर चढत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बाहेरचे भांडवल घेता येते आणि विक्रीवर मर्यादा नसते. पण तिचे भाग कोण धारण करणार? न्यासाने आपला पैसा खासगी कंपनीच्या भागांत गुंतवला, तर कलम ११(५) आणि १३ मुळे करसवलत धोक्यात येते. विश्वस्तांनी स्वतःच्या नावे भाग घेतले, तर न्यासाच्या नावावर कमावलेली पत त्यांच्या खासगी मालमत्तेत जाते, आणि न्यासाची जागा किंवा मशिन्स त्या कंपनीने कमी मोबदल्यात वापरली, तर विश्वस्तांना लाभ मिळाल्यास करसवलत काढून घेणारे कलम १३(१)(क) लागू होऊ शकते. म्हणून हा मार्ग घेतल्यास भागधारकांत कामगारांचा मोठा वाटा असावा, न्यासाचे विश्वस्त संचालक मंडळात अल्पमतात असावेत आणि दोन्ही बाजूंचे हितसंबंध असलेल्या विश्वस्ताने त्या ठरावावर मत देऊ नये. सीएसआर निधी आणि ८०जी च्या (देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या) देणग्या या कंपनीला घेता येणार नाहीत, हेही आधीच मान्य करावे.

उद्देशपत्रिकेत बदल लागला, तर १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील संस्थेला विशेष सभेत तीन-पंचमांश मतांनी ठराव करून एका महिन्यानंतर दुसऱ्या सभेत तो पुन्हा तितक्याच बहुमताने कायम करावा लागतो. त्यानंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ चा बदल अर्ज दाखल करावा आणि उद्देशबदलाची बाब ३० दिवसांत प्राप्तिकर विभागाकडे मांडावी. केवळ न्यासपत्रावर उभ्या असलेल्या न्यासाचे उद्देश बदलणे याहून पुष्कळ अवघड आहे, आणि हेही वेगळी संस्था काढण्याच्या बाजूचे एक कारण आहे.

सहावे पाऊल: दोन संस्थांमधील व्यवहार

वेगळी संस्था झाली की जागा, नाव, माणसे आणि पैसा या चार बाबींचे लेखी करार करावेत. जागा भाड्याने द्यायची असल्यास इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. न्यासाला महापालिकेने समाजमंदिर किंवा खोली नाममात्र भाड्याने दिली असेल, तर तिथे उत्पादन किंवा विक्री चालते का, हे वाटपपत्रात पाहून घ्यावे. नाव वापरण्याची परवानगी मुदतीची आणि काढून घेता येण्याजोगी असावी. उद्योगाने मजुरीचा ठराव मोडला, तर न्यासाला आपले नाव परत घेता आले पाहिजे. एकाच व्यक्तीचा वेळ दोन्हीकडे जात असेल, तर वेळपत्रक ठेवावे आणि पगार त्या प्रमाणात विभागावा. परदेशी देणगीचा एक रुपयाही उद्योगाकडे जाता कामा नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदान दुसऱ्या कोणाकडे हस्तांतरित करण्यास मनाई आहे.

दिवाळी फराळाचा ६०० रुपयांचा डबा घेणाऱ्याला ८०जी ची पावती देण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती ताबडतोब थांबवावी. विक्रीचे बिल आणि देणगीची पावती ही दोन वेगळी पुस्तके आहेत. धर्मादाय नोंदणीमुळे मालाच्या विक्रीला जीएसटीतून सूट मिळत नाही. फक्त वस्तूंच्या व्यवहाराची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आणि सेवांची २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात सामान्यतः नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल, तर या मर्यादेवर विसंबू नये. खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना पहिल्या पाकिटापासून लागतो.

पहिल्या वर्षाची देखरेख आणि थांबण्याचा नियम

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विश्वस्तांसमोर एकच पान यावे. त्यावर हाती असलेली रोकड, येणे बाकी, नगाचा खरा खर्च आणि पुन्हा आलेल्या ग्राहकांचा आकडा असावा. त्याखाली किती तायांना किती दिवस काम मिळाले आणि दिवसाला सरासरी किती रुपये पडले, हे लिहावे. ‘१५० महिला सक्षम झाल्या’ या प्रकारच्या वाक्याला या पानावर जागा नाही. विक्री वाढत असताना दिवसाची सरासरी कमाई घटत असेल, तर उद्योग कोणाच्या जिवावर वाढतो आहे ते याच पानावर दिसते. मग पुढच्या ऑर्डरचा दर वाढवावा किंवा ऑर्डर नाकारावी.

शिल्लक राहिल्यास तिचे काय करायचे हे ती राहण्याआधी ठरवावे. मी पहिला वाटा चार महिन्यांच्या मजुरीइतक्या राखीव निधीला देईन, दुसरा तायांना बोनस म्हणून, आणि त्यानंतरच न्यासाच्या इतर उपक्रमांना. पहिल्याच वर्षी बालवाडीसाठी पैसे काढून घेतले, की मंदीच्या जून-जुलैत मजुरी थकते.

आणि बंद करण्याचा नियम सुरुवातीलाच ठरावात लिहावा. उदाहरणार्थ, २४ महिन्यांनंतरही प्रशिक्षण अनुदान वगळता तूट अमुक रकमेच्या वर राहिली, किंवा पुन्हा आलेल्या ग्राहकांकडून निम्मी विक्री होत नसेल, तर नव्या ऑर्डर घेणे थांबवावे. त्यानंतर आधी तायांची मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि कापडवाल्यांची देणी चुकती करावीत. न्यासाने वापरायला दिलेली मशिन्स करारानुसार शिवणवर्गाकडे परत जावीत. आणि ज्या तायांचा हात बसला आहे त्यांना फुरसुंगी किंवा चाकणच्या कारखान्यांत काम मिळवून देण्यासाठी कार्यकर्तीचा तीन महिन्यांचा पगार त्या राखीव निधीतून द्यावा.